रिकामे घर आणि शून्य

पावसाळ्यात पुष्कळ शाळांच्या आवारात पर्जन्यमापक मांडलेला असतो. रोज सकाळी ठरावीक वेळी पाणी मोजायचे, वहीत आकडा लिहायचा आणि भांडे रिकामे करून पुन्हा जागेवर ठेवायचे, एवढेच काम. भारताच्या हवामान खात्याच्या केंद्रांवर ही वेळ सकाळी साडेआठची असते आणि आधीच्या २४ तासांत पडलेला पाऊस त्या दिवसाच्या तारखेपुढे लिहितात. तुम्हीही तीच वेळ पाळलीत तर तुमचे आकडे खात्याच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहता येतील.

सप्टेंबरच्या अखेरीस वही भरते आणि बेरजा सुरू होतात. एकूण पाऊस किती? पावसाचे दिवस किती? सर्वांत मोठी सर कोणत्या दिवशी आली? हे सारे हाताने करता येते, आणि एकदा तरी करून पाहावेच. पण चार महिन्यांच्या १२२ आकड्यांपैकी एक जरी चुकीचा उतरला, तर खालच्या सगळ्या बेरजा खोडून पुन्हा मांडाव्या लागतात. संगणकावरील आकडेतक्ता, म्हणजे स्प्रेडशीट, जन्माला आली ती याच खोडाखोडीच्या कंटाळ्यातून. १९७८ साली अमेरिकेत हार्वर्डच्या व्यवसायशिक्षण विद्यालयात शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन या तरुणाने फळ्यावरचे आकड्यांचे तक्ते पाहिले. त्यांतला एक आकडा बदलला की पुढचे कितीतरी आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. पुसण्याचे काम यंत्राने आपण होऊन केले तर? बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साहाय्याने त्याने व्हिजिकॅल्क हा कार्यक्रम तयार केला आणि १९७९ साली तो ॲपल-२ या छोट्या संगणकासाठी विक्रीस आला. आजचे एक्सेल, गूगल शीट्स आणि फुकट मिळणारे लिब्रेऑफिस कॅल्क ही त्याचीच पुढची भावंडे. खाली जे सांगितले आहे ते या तिन्हींवर चालते.

तक्ता कसा मांडावा

तक्ता उघडला की बुद्धिबळाच्या पटासारखी घरे दिसतात. उभ्या रकान्यांना ए, बी, सी अशी अक्षरे असतात आणि आडव्या ओळींना १, २, ३ असे अंक. बी रकान्यातले तिसऱ्या ओळीतले घर म्हणजे बी३. येथे सूत्रे आणि अंक नागरीत छापले आहेत. यंत्रावर मात्र ती अक्षरे व अंक इंग्रजीत टंकित करायचे, हे ध्यानात ठेवा.

पहिल्या ओळीत मथळे लिहा. ए रकान्यात ‘तारीख’, बी रकान्यात ‘पाऊस, मिलिमीटर’ आणि सी रकान्यात ‘शेरा’. शेऱ्याचा रकाना पुष्कळजण गाळतात. तो का हवा हे लवकरच कळेल.

आता समजा, जुलैच्या पहिल्या दहा दिवसांचे आकडे असे आहेत: १ तारखेला १२.४, २ ला ०, ३ ला ३.६, ४ ला २८, ५ ला काहीच लिहिलेले नाही, ६ ला २.५, ७ ला ०.८, ८ ला ०, ९ ला ४१.२ आणि १० ला ७.५. हे बी२ पासून बी११ पर्यंतच्या घरांत भरा. ५ तारखेचे घर, म्हणजे बी६, रिकामे ठेवा. त्या दिवशी रविवार होता आणि शाळेत कोणी आले नव्हते.

एक दक्षता येथेच घ्या. घरात ‘४१.२ मिमी’ असे लिहू नका, नुसते ४१.२ लिहा. आकड्यापुढे अक्षर आले की यंत्र त्या साऱ्यास शब्द समजते, आणि बेरीज करताना शब्दांना मुकाट्याने वगळते. एकूण पाऊस ९६ ऐवजी ५४.८ दिसेल आणि कोठेही धोक्याचा लाल दिवा लागणार नाही. एककाची जागा मथळ्यात. ओळखण्याची खूण सोपी आहे: आपण काही फेरफार केलेला नसेल, तर संख्या घराच्या उजव्या कडेला चिकटून बसते आणि शब्द डाव्या कडेला. रकान्यावरून नुसती नजर फिरवली तरी डावीकडे सरकलेला चोर सापडतो.

आता खाली एखाद्या मोकळ्या घरात लिहा:

=सम(बी२:बी११)

सुरुवातीचे बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘यापुढे सूत्र आहे’ अशी यंत्राला दिलेली सूचना. दोन टिंबांचा अर्थ ‘पासून – पर्यंत’. उत्तर ९६ येईल. वरचा कोणताही आकडा बदला, उत्तर त्याच क्षणी बदलेल.

दोन सरासऱ्या

आता सरासरी काढू.

=ॲव्हरेज(बी२:बी११)

दहा दिवसांत ९६ मिलिमीटर, तर रोजचे ९.६ अशी तुमची अपेक्षा असेल. यंत्र मात्र १०.६७ दाखवील. बिघडले काय? काहीच नाही. ॲव्हरेज हे सूत्र रिकामी घरे मोजत नाही. त्याने ९६ ला ९ ने भागले. आता बी६ मध्ये ० लिहा. उत्तर लगेच ९.६ होईल. बेरीज दोन्ही वेळा ९६ च राहते, म्हणून हा फरक बेरजेवरून कधीच ध्यानात येत नाही.

मग खरी सरासरी कोणती? येथे यंत्राला विचारून उपयोग नाही. पर्जन्यमापकाकडे जायला हवे. शून्य याचा अर्थ ‘मी पाहिले, पाणी नव्हते’. रिकामे घर याचा अर्थ ‘कोणी पाहिले नाही’. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. एक मापन आहे, दुसरे मापनाचा अभाव आहे. सोयीसाठी रविवारी ० लिहून टाकणारा विद्यार्थी पाऊस पडला नाही असे सांगत असतो, आणि ते त्याला ठाऊक नसते.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. ५ तारखेला कोणी आले नाही म्हणून पाऊस काही थांबला नसेल. त्या दिवशीचे पाणी भांड्यातच राहिले असेल, तर ६ तारखेला मोजलेले २.५ मिलिमीटर हे ४८ तासांचे पाणी आहे. मग एकूण ९६ मिलिमीटर हा पुऱ्या दहा दिवसांचा पाऊस झाला आणि त्याला १० नेच भागायला हवे. म्हणजे घर रिकामे असूनही सरासरी ९.६! उलट, समजा, भांडे उलथून पडले होते आणि ते ५ तारखेला सकाळी साडेआठनंतर कोणीतरी रिकामे करून नीट ठेवले, तर ५ तारखेचा आकडा कायमचा हरवला. आपल्याजवळ नऊच दिवसांचे आकडे आहेत आणि ९ ने भागणे रास्त. तक्ता दोन्ही वेळा अगदी सारखाच दिसतो. फरक फक्त शेऱ्याच्या रकान्यात राहू शकतो: ‘रविवार, मोजले नाही, ६ ची नोंद दोन दिवसांची’ किंवा ‘भांडे उलथले’. चार शब्द, पण तेवढे लिहिले नाहीत तर वर्षभरानंतर तुम्हाला स्वतःलाही उत्तर सांगता येणार नाही.

किती घरांत खरोखर आकडा आहे हे =काउंट(बी२:बी११) सांगते. आपल्या तक्त्यात ९. किती रिकामी आहेत ते =काउंटब्लँक(बी२:बी११) सांगते. येथे १. सरासरीच्या शेजारी हे दोन आकडे नेहमी लिहून ठेवण्याची सवय फार चांगली.

पावसाचे दिवस मोजताना

हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो तो ‘पावसाचा दिवस’. असे दिवस मोजायला अट घालून मोजणारे सूत्र आहे:

=काउंटइफ(बी२:बी११,">=२.५")

उत्तर ६. अटीभोवती अवतरणचिन्हे हवीत, हे विसरू नका. अटीतले बरोबरचे चिन्ह गाळून नुसते ‘पेक्षा मोठे’ लिहिले तर उत्तर ५ येते, कारण ६ तारखेचे बरोबर २.५ त्यातून निसटते. ‘किंवा’ या एका शब्दाची किंमत एक दिवस! आणि आता पुन्हा शेरा वाचा. हे २.५ जर दोन दिवसांचे मिळून असेल, तर त्यांपैकी एकही दिवस पावसाचा दिवस नसण्याचा संभव आहे. सूत्र बिनचूक, तरी उत्तर शंकास्पद, असे कधी कधी होते.

सर्वांत मोठा पाऊस =मॅक्स(बी२:बी११) ने कळतो, ४१.२. तो कोणत्या दिवशी पडला हे हवे असेल तर दोन सूत्रे एकात एक गुंफावी लागतात:

=इंडेक्स(ए२:ए११,मॅच(मॅक्स(बी२:बी११),बी२:बी११,०))

आतून बाहेर वाचा. मॅक्स सर्वांत मोठा आकडा काढते. मॅच तो आकडा रांगेत कितव्या जागी आहे ते सांगते, येथे नवव्या. इंडेक्स तारखांच्या रकान्यातल्या नवव्या जागी जाऊन तेथली तारीख उचलून आणते. शेवटचे ० म्हणजे ‘तंतोतंत तोच आकडा हवा, जवळपासचा नको’. ते गाळले तर यंत्र आकडे चढत्या क्रमाने लावलेले आहेत असे गृहीत धरते आणि भलतीच तारीख देऊ शकते. उत्तर तारखेऐवजी चाळीस-पन्नास हजारांच्या घरातला एखादा आकडा दिसला तर घाबरू नका. त्याचे कारण पुढे येते.

शेजारचे घर आणि पोस्टाचा पत्ता

आता एक उपयोगाचे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी बरोबर एक लिटर होते. (का, ते घनफळावरून स्वतः पडताळून पाहा.) समजा, शाळेचे छप्पर ६० चौरस मीटर आहे आणि पडलेल्या पाण्यापैकी दहांत आठ भाग पन्हाळीतून टाकीत येते. जी१ मध्ये ६० आणि जी२ मध्ये ०.८ लिहा. मग डी२ मध्ये:

=बी२*जी१*जी२

फुली म्हणून तारकाचिन्ह वापरायचे. १ जुलैचे उत्तर ५९५.२ लिटर. आता हे सूत्र खालच्या नऊ घरांत उतरवायचे. त्यासाठी डी२ निवडा, घराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दिसणारा ठिपका माऊसने पकडा आणि खाली ओढा.

सगळीकडे शून्य! असे का व्हावे?

सूत्रातले ‘जी१’ यंत्र मनात कसे धरते ते कळले की कोडे सुटते. ते पत्ता पाठ करत नाही, दिशा पाठ करते. डी२ मध्ये बसून ‘जी१’ लिहिले म्हणजे यंत्राच्या लेखी ‘माझ्यापासून उजवीकडे तीन घरे आणि वर एक’. सूत्र एक ओळ खाली गेले की ही खूणही एक ओळ खाली सरकते आणि जी२ व जी३ कडे बोट दाखवते. जी३ रिकामे आहे, आणि गुणाकारात रिकामे घर शून्य धरले जाते. (गंमत पाहा: सरासरीत रिकामे घर वगळतात आणि गुणाकारात त्यास शून्य मानतात. हा नियम एकसारखा नाही, म्हणूनच तो ठाऊक हवा.) ‘शेजारच्या घरी पत्र द्या’ असे सांगितले आणि आपण दुसऱ्या गल्लीत राहायला गेलो, तर पत्र दुसऱ्याच शेजाऱ्याला मिळणार. पावसासाठी हेच हवे असते, कारण प्रत्येक ओळीने आपापल्या तारखेचा पाऊस घ्यायचा आहे. छपराचे क्षेत्रफळ मात्र एकच आहे. त्यासाठी पूर्ण पत्ता द्यावा लागतो, आणि त्याची खूण म्हणजे डॉलरचे चिन्ह:

=बी२*$जी$१*$जी$२

अक्षरामागचा डॉलर रकाना खिळवून ठेवतो, अंकामागचा डॉलर ओळ. आता खाली ओढा. ३ तारखेचे १७२.८ लिटर आणि दहा दिवसांचे मिळून ४,६०८ लिटर पाणी येईल. छप्पर ६० ऐवजी ७५ चौरस मीटर निघाले तर फक्त जी१ बदला. याच कारणासाठी ६० हा आकडा सूत्राच्या पोटात लिहू नये. तो स्वतंत्र घरात, शेजारी नाव लिहून ठेवावा.

अर्धाच पत्ता खिळवण्याचीही एक सुरेख युक्ती आहे. ई२ मध्ये =सम(बी$२:बी२) लिहून खाली ओढा. सुरुवातीचे टोक दुसऱ्या ओळीस बांधलेले राहते आणि शेवटचे टोक प्रत्येक ओळीगणिक खाली सरकते. परिणामी हंगामाच्या आरंभापासून त्या दिवसापर्यंतचा साचलेला पाऊस मिळतो: १२.४, १२.४, १६, ४४ असा, शेवटी ९६ पर्यंत. याचा आलेख काढला तर उघडीप सपाट रेषेसारखी आणि झड जिन्याच्या उंच पायरीसारखी दिसते.

तारखांची लबाडी

तारीख आपल्याला तारीख दिसते, पण यंत्राच्या पोटी ती एक संख्या असते. १ जानेवारी १९०० हा एक्सेलचा पहिला दिवस आणि तेथून दिवस मोजत गेले की १५ ऑगस्ट १९४७ चा क्रमांक १७३९४ येतो, १ जानेवारी २०२४ चा ४५२९२. मघाचा भलामोठा आकडा तो हाच. घराचे रूप ‘तारीख’ असे बदलले की तो माणसात येतो. ही युक्ती फार सोयीची आहे, कारण तारखांची वजाबाकी करता येते. ३० सप्टेंबरमधून १ जून वजा केला तर १२१ येतात. दिवस मात्र १२२, कारण दोन्ही टोके धरायची असतात. (या मोजणीत एक जुनी चूकही दडलेली आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, पण लोटस १-२-३ या १९८३ च्या कार्यक्रमात ते लीप धरले गेले, आणि त्याच्याशी जुळते राहावे म्हणून एक्सेलनेही ती चूक तशीच ठेवली. एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस आजही सापडतो.)

लबाडी अशी की यंत्राला जेथे तेथे तारखाच दिसतात. काही संगणक अमेरिकन पद्धतीवर लावलेले असतात. तेथे महिना आधी. तुम्ही १२/७ लिहिले की ते ७ डिसेंबर होते. १३/७ मात्र तेरावा महिना नसल्याने शब्द म्हणून डावीकडे जाऊन बसते. म्हणून पहिली तारीख भरताच महिन्याचे नाव दिसेल असे रूप निवडा आणि खात्री करून घ्या. सातवीच्या दुसऱ्या तुकडीसाठी ‘७-२’ लिहिले तर तेही तारखेत रूपांतरित होते. असे काही लिहायचे असल्यास आधी त्या रकान्याचे रूप ‘टेक्स्ट’ करावे.

ही चूक केवळ शाळकरी नव्हे. मानवी जनुकांना संक्षिप्त नावे असतात, आणि त्यांतली मार्च-१, सेप्ट-२ अशी काही नावे एक्सेलमध्ये भरताच मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा होत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या संशोधनलेखांपैकी सुमारे एक-पंचमांश लेखांत अशा बिघडलेल्या नोंदी आढळल्या. अखेर २०२० साली नावे ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. सेप्ट-१ आता सेप्टिन-१ आहे.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये याहून गंभीर प्रकार घडला. करोनाच्या चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलींतून पुढे पाठवले जात होते. त्या जुन्या तक्त्यात ६५,५३६ ओळीच मावत, म्हणजे २ चा सोळावा घात. त्यापुढच्या ओळी गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत, आणि त्यांच्या सहवासात आलेल्या माणसांना सावध करण्यास उशीर झाला. नव्या पद्धतीच्या तक्त्यात १०,४८,५७६ ओळी असतात, २ चा विसावा घात. पण खरा उपाय मोठा तक्ता हा नव्हे. किती नोंदी निघाल्या आणि किती पोहोचल्या, हे दोन आकडे ताडून पाहणे हा आहे. तुमच्या वहीत १२२ ओळी असतील, तर काउंट आणि काउंटब्लँक यांची बेरीजही १२२ यायला हवी. येत नसेल तर पुढचे गणित थांबवा.

क्रमवारी लावतानाही जपा. पावसाचा एकच रकाना निवडून चढता क्रम लावला तर आकडे हलतात आणि तारखा जागच्या जागी राहतात. सारा तक्ता खोटा होतो, पण दिसतो देखणा. तेव्हा सर्व रकाने एकत्र निवडावेत. चूक होताच कंट्रोल आणि झेड या कळा एकदम दाबल्या की मागचे पाऊल मागे घेता येते.

शेवटी एक प्रयोग. ९ तारखेच्या ४१.२ मधले दशांशचिन्ह गाळून ४१२ लिहा आणि कोणकोणती घरे बदलतात ते मोजा. अशी घसरण ध्यानात यावी म्हणून ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ या सोयीने २०० पेक्षा मोठा आकडा आला की घर तांबडे व्हावे अशी व्यवस्था करता येते. पण तांबडे घर दिसले म्हणून आकडा पुसू मात्र नका. २७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठला मुंबईत सांताक्रूझच्या केंद्रावर आधीच्या २४ तासांचा ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच शहरात कुलाब्याला ७४ च्या आसपास. तांबडे घर दिसले की वही उघडा आणि त्या दिवशीचा शेरा वाचा.